निसर्गशिक्षणात यायचंय? एक खाडी नीट वाचायला शिका

पदवी कोणती घ्यावी, हा नव्या मुलांचा पहिला प्रश्न असतो. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र उपयोगी पडतं, पुण्यात भारती विद्यापीठाच्या संस्थेत पर्यावरण शिक्षणाचा अभ्यास होतो, बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) अभ्यासवर्गही चांगले आहेत. पण माझ्या बरोबरीने काम करणाऱ्यांत शाळेतले शिक्षक आहेत, चित्रकारही आहेत.

माझं काम बहुतेक ठाणे खाडीकाठी, तिवरांमध्ये, म्हणजे खारफुटीच्या झाडांमध्ये. इथलं वेळापत्रक समुद्र ठरवतो. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. शाळेने सकाळी नऊची वेळ मागितली आणि तेव्हा खाडी तुडुंब असेल, तर निवटी (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) आणि खेकडे मुलांना दिसणारच नाहीत. तारीख बदलून घ्या, संकोच करू नका. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवायला निघणाऱ्या बोटीही भरतीवरच अवलंबून असतात.

मुलांसमोर आल्याबरोबर झाडाचं नाव सांगू नका. नाव वहीत उतरलं की बघणं संपतं, हे मी फार वेळा पाहिलंय. तिवराच्या पानावर उन्हात मिठाचे कण चमकतात, ते बोटाने पुसायला सांगा. मग विचारा, हे आलं कुठून? चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळं दाखवा आणि थांबा. कुणीतरी म्हणतंच, ‘श्वास घ्यायला?’ त्यानंतर सांगितलेलं सगळं मुलं कान देऊन ऐकतात. मला या कामातला सर्वांत मोलाचा क्षण हाच वाटतो. पानं तोंडात घालू देऊ नका; डोळ्यांना इजा करणाऱ्या चिकाची झाडंही याच खाडीत असतात.

पैशांचं स्पष्ट सांगते. कायम नोकऱ्या थोड्या, कंत्राटी आणि प्रकल्पांपुरतं काम जास्त. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं झालं, त्यामुळे शाळांना आपली गरज असते, पण बोलावणी येतात मुख्यतः हिवाळ्यात. पावसाळ्यात माहितीफलक, पुस्तिका, प्रदर्शनं यांचं लेखन मिळवा. त्यासाठी साधं, चार ओळींत आटोपणारं मराठी लिहिता यायला हवं.

सुरुवातीला एकच जागा निवडा आणि वर्षभर जात राहा. जवळच्या कोळीवाड्यातल्या जाणत्यांशी बोला. कुठला मासा कधी खाडीत येतो, हे त्यांच्याइतकं कुणी सांगत नाही. त्यांचं नाव घेऊनच ते पुढे सांगा. नोकरीसाठी अर्ज कराल तेव्हा प्रमाणपत्रांसोबत स्वतः आखलेल्या एका फेरीचं टिपण जोडा: कुठे थांबलात, काय विचारलंत, मुलं काय म्हणाली. उमेदवार निवडताना मी आधी तेच वाचते.