सौर बंबाच्या वाहिनीत वारंवार साचणारा गाळ : माझा अनुभव

नेरुळच्या आमच्या रो-हाउसच्या गच्चीवरील सौर बंबाचे गरम पाणी अधूनमधून अगदी बारीक धारेने येऊ लागे. प्लंबर नळाच्या जाळ्या धुऊन जाई आणि थोड्याच दिवसांत तीच तक्रार पुन्हा उभी राही. थंड पाण्याच्या नळांना मात्र काहीच त्रास नव्हता, म्हणून दोष बंबात किंवा त्याच्या पुढच्या वाहिनीत असणार हे उघड होते. जाळीतला चोथा वाळवून त्याजवळ लोहचुंबक धरले, तेव्हा त्यातले काळपट कण चटकन चिकटले. म्हणजे हा नुसता क्षार नव्हे, तर जुन्या जीआय (म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी) पाइपचा गंज होता. सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वर जस्ताचा लेप लोखंडाचे नीट रक्षण करीत नाही, हे अनेक प्लंबर लक्षातच घेत नाहीत. ती वाहिनी काढून सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) टाकली आणि टाकीकडे जाणाऱ्या थंड पाण्याच्या वाटेवर वाय-स्ट्रेनर (कचरा अडवणारी गाळणी) बसवला. बंबातल्या पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्या तळाशी बंद असल्याने त्यांतला गाळ आपोआप वाहून जात नाही, त्या सोडवूनच धुवाव्या लागतात. हे काम मात्र सूर्योदयापूर्वीच उरकावे, कारण तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी शिरताच काच तडकते.