किडेपोला जायचंय? खान्देशातल्या पक्षीमित्रांसाठी

युगांडाच्या ईशान्य टोकाला, दक्षिण सुदान आणि केनियाच्या सीमेजवळ किडेपो व्हॅली राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्र १,४४२ चौ. किमी, पक्ष्यांच्या जाती साडेचारशेच्या वर, आणि गर्दी जवळजवळ नाहीच.

तिकिटाच्याही आधी पीतज्वराची लस घ्या. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, तेव्हा मुंबईची एक फेरी धरा. पिवळं कार्ड, म्हणजे या लसीचा दाखला, लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं. ई-व्हिसाच्या अर्जाला ते जोडावं लागतं. परतताना नसलं तर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि घरी आल्यावरही ठरलेले दिवस पूर्ण करा. बरेच जण इथेच चुकतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात गवत माणूसभर वाढतं, जनावर दिसत नाही. शिवाय तिथलीही माती काळी, गाडी कशी रुतते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कोरड्या दिवसांत पाणी उरतं ते उद्यानातल्या नारूस खोऱ्यात, म्हणून रेडे, हत्ती, सिंह तिकडे गोळा होतात.

कंपालाहून रस्त्याने जाताना गुलूला मुक्काम करा. किटगुमला टाकी पूर्ण भरा, जादा चाकं दोन ठेवा. लहान विमानाने गेलात तर सामान साधारण १५ किलो, तेही मऊ पिशवीत; कडक सुटकेस चढवू देत नाहीत. डॉलरच्या जुन्या, फाटक्या किंवा शाई लागलेल्या नोटा नेऊ नका, कोणी घेत नाही. दशम्या आणि शेव मात्र जरूर घ्या.

किमान तीन रात्री हव्यात. सकाळी उजाडताच नारूस करा. एक अख्खा दिवस किडेपो खोऱ्यासाठी राखा: नदीचं नुसतं वाळूचं पात्र, ताडाची झाडं, शहामृग, माळढोकाचा भाऊबंद कोरी बस्टर्ड. करामोजा अपालिस हा चिमुकला पक्षी काटेरी बाभळींत शोधावा लागतो. तिथे घाई केली की गेलाच. आपला नेहमीचा पोपटही दिसेल, त्याच्यावर वेळ घालवू नका. पायी फिरायचं तर बंदूकधारी रेंजर सोबत हवाच.

निळे-काळे कपडे टाळा, चावणाऱ्या त्सेत्से माश्या त्या रंगांवर येतात. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. ती नवी असेल तर हिवाळ्यात हतनूर धरणावर दोन-चार सकाळी हात बसवून घ्या.