जुन्या गाडीचे पुढचे स्ट्रट: निवड आणि बदली

पुढच्या चाकांवरचा स्ट्रट म्हणजे नुसता शॉकॲब्सॉर्बर नव्हे. साध्या शॉकॲब्सॉर्बरचे काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचे. तो काढला तरी चाक जागेवर राहते. मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये मात्र वरचा आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा) नसतोच. नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या धातूच्या भागाला, वरून धरून ठेवतो तो स्ट्रट. स्प्रिंग त्याच्यावर बसलेली असते, स्टिअरिंग फिरवले की तो चाकाबरोबर फिरतो आणि वळणावर बाजूने येणारा जोर त्याच्याच दांडीवर पडतो. म्हणून तो झिजला की उसळी वाढतेच, शिवाय स्टिअरिंग सैल वाटते, ब्रेक मारल्यावर गाडी जास्त अंतरावर थांबते आणि टायर खराब होतात. हे सगळे इतके हळू होते की रोज तीच गाडी चालवणाऱ्याच्या ते लवकर लक्षात येत नाही.

आधी दोष नक्की करा

खडखड आली की स्ट्रट बदलायचा, ही घाई महागात पडते. लहान खड्ड्यांवर, कमी वेगात येणारी खडखड पुष्कळदा लिंक रॉडची असते. स्ट्रटला अँटीरोल बारशी, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे आवरणाऱ्या आडव्या दांडीशी, जोडणारा हा छोटा दांडा. तो स्वस्त आहे आणि अर्ध्या तासात बदलता येतो. त्यामुळे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) आणि बॉल जॉइंट पट्टीने किंवा टॉमीने हलवून आधी तपासा.

मग स्ट्रटकडे वळा. दांडीच्या सीलपाशी तेलाचा पातळ थर आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर घाबरू नका. दांडीला वंगण मिळावे म्हणून सील तेवढे तेल सोडतेच. पण ओघळ नळीच्या खालच्या अर्ध्यापर्यंत आला असेल आणि पुसल्यावर काही दिवसांत पुन्हा ओला होत असेल, तर सील गेले. टायरवरून तळहात फिरवा. ठराविक अंतरावर उंचसखल लागत असेल तर चाक रस्त्यावर उड्या मारत चालले आहे. व्हील बॅलन्सिंग बिघडल्यानेही असे होते, म्हणून हा पुरावा एकटा धरू नका. ब्रेक मारताना नाक खाली जाणे, गतिरोधक ओलांडल्यावर दोन-तीनदा झुलणे, मोठ्या खड्ड्यात धाडकन तळाला बसणे, ही लक्षणे एकत्र दिसली की शंका उरत नाही.

बॉनेट दाबून सोडण्याच्या चाचणीवर फार विसंबू नका. हाताने दाबण्याचा वेग इतका कमी असतो की अर्धा झिजलेला स्ट्रट तीत सहज पास होतो. गाडी दोन-तीनदा झुलली तर तो नक्की गेला; एकदाच वर येऊन थांबली तर एवढेच कळते की तो पुरता मेलेला नाही.

वरच्या माउंटिंगमधले, म्हणजे स्ट्रट वर बॉडीला धरणाऱ्या रबरी जोडातले, बेअरिंग वेगळे तपासावे लागते. गाडी उभी असताना कोणाला तरी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि स्प्रिंगच्या बाहेरून हात टेकवा. बोटे वेढ्यांच्या मधे घालायची नाहीत. स्प्रिंग एकसारखी न फिरता अडकून 'टण्ण' आवाजासह सुटत असेल, तर बेअरिंग जाम झाले आहे. हेच बेअरिंग खराब असले की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि दोष स्टिअरिंग बॉक्सला लावला जातो.

८०,००० किलोमीटरनंतर स्ट्रट तपासून घ्यावेत, असे या भागांचे उत्पादक सांगतात. जुन्या गाडीला किलोमीटरपेक्षा वय जास्त छळते: गाडी कमी चालली असली तरी रबर वाळते, तडकते. आणि बॉनेट उघडलेलेच आहे तर स्ट्रट ज्या टॉवरला बोल्टने बसतो तिथला पत्रा पाहून घ्या. तो गंजून फुगला असेल किंवा माउंटिंगभोवती चीर असेल तर आधी पत्र्याचे काम. सडक्या टॉवरला नवा स्ट्रट लावणे धोक्याचे आहे.

काय घ्यायचे

स्ट्रट नेहमी जोडीने बदला, एका ॲक्सलचे दोन्ही. एक नवा आणि एक जुना ठेवला की जोरात ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

त्यांच्याबरोबर वरचे माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर (स्ट्रट तळाला आपटू न देणारा ठोकळा) आणि धूळ अडवणारा रबर बूट घ्या. जुन्या गाडीवर ही काटकसर करूच नये. फाटक्या बुटातून आलेली वाळू दांडीवर बसते आणि नवे सील खाते. बंप स्टॉपरचा चुरा झालेला असेल तर दांडी नळीच्या आत आपटते आणि आतला व्हॉल्व्ह फुटतो. वेळ आणि मेहनत जाते ती असेंब्ली उतरवून स्प्रिंग सोडण्यात. तिथवर पोचल्यावर वाळलेले रबर परत बसवले तर काही महिन्यांत तेच काम पुन्हा करावे लागते.

स्प्रिंग बदलायची की नाही, हे मोजून ठरवा. गाडी सपाट जागेवर, रिकामी उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. हे आकडे शेवटीही लागणार आहेत. डावी-उजवीत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, किंवा सगळ्यात खालचा वेढा तुटलेला वा खोल गंजलेला असेल, तर स्प्रिंगही जोडीने बदला. तो वेढा बैठकीत लपलेला असतो, त्यामुळे तुटका तुकडा वर्षभर दिसत नाही. टॉर्चने पाहा.

नवा भाग घेताना गाडीचे नुसते मॉडेल सांगून भागत नाही. चेसिस नंबरवरून भाग क्रमांक काढा. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल-डिझेल इंजिनाच्या वजनानुसार स्प्रिंग वेगळी असते, उत्पादनाच्या मध्येच नकलचे बोल्ट किंवा दांडीची जाडी बदललेली असते. डावा आणि उजवा स्ट्रट दिसायला सारखा असला तरी लिंक रॉडचा कान, ब्रेक होजची पट्टी आणि एबीएस वायरचा क्लिप उलट बाजूला असतात. जुना भाग उतरवण्याआधीच नवा त्याच्या शेजारी धरून हे कान, बैठकीची उंची आणि बोल्टच्या भोकांमधले अंतर ताडून पाहा.

हायड्रॉलिक की गॅस? गाडीला कारखान्यातून जे आले होते तेच. गॅस म्हणजे ट्विन-ट्यूबमध्ये (एकात एक दोन नळ्या असलेल्या स्ट्रटमध्ये) तेलावर कमी दाबाचा नायट्रोजन. त्यामुळे सलग खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येत नाही. मोनोट्यूब (एकाच नळीच्या) प्रकारात दाब कितीतरी जास्त असतो आणि गाडी कडक होते. ज्या गाडीचे बुश आणि माउंटिंग जुने आहेत तिला कडक स्ट्रट लावले की प्रत्येक ढिला सांधा बोलू लागतो. त्यापेक्षा मूळ पुरवठादार कंपनीचा साधा स्ट्रट बरा.

स्प्रिंग-माउंटिंगसकट जोडून आलेली तयार असेंब्लीही मिळते. घरी काम करणाऱ्याला ती सोयीची, कारण स्प्रिंग दाबण्याचा धोकाच उरत नाही. मात्र अगदी स्वस्त असेंब्लीत एकच स्प्रिंग अनेक मॉडेलना चालवलेली असते. ती लावल्यावर गाडीचे नाक वर उचलले गेले, अशी तक्रार नेहमीची. नाव असलेल्या कंपनीची मिळत असेल तरच घ्या.

उतरवताना

आदल्या दिवशी खालचे बोल्ट, लिंक रॉडचा नट आणि पट्ट्यांचे स्क्रू तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. सॉकेट आणि रिंग पाने, लांब दांड्याचा पाना, ॲलन की, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने, म्हणजे टॉर्कने, आवळायचा पाना), जॅक, दोन मजबूत स्टँड आणि चाकांना लावायला लाकडी ठोकळे लागतील. स्प्रिंग सोडणार असाल तर सुरक्षा पिन असलेला चांगला स्प्रिंग कंप्रेसर.

सपाट, टणक जमिनीवर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा आणि चाकांचे नट जमिनीवर असतानाच ढिले करा. मग पुढची दोन्ही चाके उचलून गाडी स्टँडवर बसवा. एकच बाजू उचलली तर अँटीरोल बार पिळलेला राहतो आणि लिंक रॉड निघताना झटका देतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालू नका.

ब्रेक होज आणि एबीएस वायर स्ट्रटपासून सोडवा. लिंक रॉडचा नट फिरवताना आतला बॉल त्याच्याबरोबर गरागरा फिरतो. टोकाच्या खाचेत ॲलन की घालून तो धरावा लागतो. खाच गंजून गोल झाली असेल तर नट कापा आणि नवा लिंक रॉड लावा.

नकलला दोन बोल्ट असतील तर त्यांच्या डोक्याची आणि नकलची जागा रंगाच्या पेनाने खुणावून घ्या. यातला एखादा बोल्ट कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) बसवण्यासाठी एका बाजूला फुगीर असू शकतो. नट फिरवा, बोल्ट धरून ठेवा. बऱ्याच गाड्यांत बोल्टच्या मानेवर दाते असतात आणि बोल्ट फिरवला तर ते भोक खरवडतात. नट टोकावर आणून हलक्या हातोडीने ठोकला की बोल्ट सरकतो. शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी लोअर आर्मखाली जॅकचा आधार द्या आणि नकल तारेने बांधा. नकल बाहेर कोसळली तर ब्रेक होज ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटतो. मग दिवसभराचे वेगळेच काम मागे लागते. काही गाड्यांत स्ट्रटची नळी नकलच्या चिमट्यात बसते; तिथे खाच रुंद करायचे खास हत्यार वापरा. छिन्नी ठोकून नकल तडकवू नका.

आता वरचे दोन-तीन बाहेरचे नट काढा. खालून स्ट्रट धरायला दुसरा माणूस हवा. मधल्या नटाला हात लावू नका. दाबलेली स्प्रिंग तेवढ्या एका नटाने अडकून आहे.

स्प्रिंग सोडणे

इथे घाई करणाऱ्याचा जबडा मोडू शकतो. कंप्रेसरचे दोन्ही स्क्रू स्प्रिंगच्या समोरासमोर, शक्य तितके जास्त वेढे पकडतील असे लावा आणि पिना बसवा. दोन्ही आलटून पालटून दोन-दोन फेरे आवळा. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग वाकडी होते आणि हूक घसरतात. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावा, हाताच्याच पान्याने फिरवा. इम्पॅक्ट गनने आटे जातात. वरची बैठक हाताने हलू लागली की पुरे. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांसमोर तोंड किंवा छाती कधीही आणायची नाही.

मग दांडी वरून ॲलन कीने धरून मधला नट वाकड्या रिंग पान्याने काढा. दांडी पकडीने धरू नका. तिच्या चकचकीत पृष्ठभागावर उठलेला एक ओरखडा सील कापत राहतो. सगळे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने जमिनीवर मांडा आणि फोटो काढा. वायसर आणि बेअरिंग उलटे बसणे ही या कामातली सर्वांत सामान्य चूक.

नवा ट्विन-ट्यूब स्ट्रट लगेच लावू नका. वाहतुकीत आडवा राहिल्याने आतली हवा किंवा गॅस तेलात मिसळलेला असतो. तो उभा धरून दांडी पूर्ण खाली दाबा आणि पूर्ण वर येऊ द्या, असे चार-पाच वेळा. मध्ये पोकळ टप्पा लागायचा थांबला की तयार. त्यानंतर बसवेपर्यंत उभाच ठेवा.

बूट, स्टॉपर, स्प्रिंग, वरची बैठक, बेअरिंग, माउंटिंग अशी जुळणी करताना स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीतल्या पायरीला टेकले आहे ना, ते पाहा. बाणाची खूण असेल तर ती गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. मधला नट नवाच वापरा. त्यातले नायलॉनचे कडे एकदा वापरले की पकड सोडते. कंप्रेसर सोडतानाही दोन्ही बाजू आलटून पालटून.

बसवणे आणि नंतर

वरचे नट हाताने लावा, मग खालचे बोल्ट मूळ दिशेने घाला, खुणा जुळवा आणि मगच टॉर्क द्या. आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. नकलच्या बोल्टना भक्कम टॉर्क लागतो, वरच्या छोट्या नटांना त्याच्या मानाने फारच कमी, आणि अंदाजाने आवळताना नेमके हेच छोटे नट पिळून तुटतात. काही गाड्यांत ठराविक टॉर्कनंतर अजून ठराविक अंश फिरवायचे असतात आणि ते बोल्ट पुन्हा वापरता येत नाहीत. लोअर आर्मचा बुशचा बोल्ट सोडला असेल तर तो गाडी स्वतःच्या वजनावर बसल्यावर आवळा. चाक लटकत असताना आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

ब्रेक होज पिळलेला नाही आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेल्यावर ताणला जात नाही, हे पाहून मग चाक लावा.

गाडी थोडी पुढे-मागे हलवून उंची पुन्हा मोजा. नव्या रबरामुळे काही मिलिमीटर वाढेल. एकच बाजू बरीच उंच राहिली तर स्प्रिंगचे टोक पायरीवर बसलेले नाही. वळवताना 'टण्ण' आवाज आला तर तीच चूक, किंवा बेअरिंग उलटे. लहान खड्ड्यांवर टकटक येत असेल तर मधला नट सैल आहे किंवा एखादा वायसर जमिनीवरच राहिला. एबीएसचा दिवा लागला तर वायरचा जोड पाहा.

व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. नकलच्या भोकांमध्ये बोल्ट किंचितही इकडेतिकडे झाला की कँबर बदलतो आणि त्यामागे टो, म्हणजे चाकांची पुढची टोके आत-बाहेर वळलेली असणे, तोही. खुणा अचूक जुळवल्या असल्या तरी हे टाळू नका; नाहीतर पुढचे टायर आतल्या कडेने काही हजार किलोमीटरमध्ये संपतात. साधारण १०० किलोमीटर चालवल्यावर चाकांचे नट, नकलचे बोल्ट आणि लिंक रॉड यांचा टॉर्क पुन्हा तपासा.