शेवटचं पान आधी उघडा

कामाच्या तिसऱ्या आठवड्यात मी एका पोथीचं वय निदान बासष्ट वर्षांनी वाढवून ठेवलं.

एम.ए. मराठी झाल्यावर एका ग्रंथालयात हस्तलिखितांची सूची करायचं अकरा महिन्यांचं कंत्राटी काम मिळालं होतं. आईला ते फारसं पटलं नव्हतं. "जुन्या वह्यांची यादी करायला एम.ए. कशाला लागतं?" असं तिचं म्हणणं. तर ती पोथी. शेवटच्या पानावर स्वच्छ बाळबोधीत लिहिलं होतं, शके १६९८, दुर्मुखनाम संवत्सरे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे पाठ होतं. मी कार्डावर लिहिलं, लेखनकाल इ.स. १७७६. संवत्सरही ताडून पाहिला होता, त्यामुळे छाती फुगलेली. आमचे सूचीकार सर काही बोलले नाहीत. त्यांनी एक कोरं पान अलगद उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि मला बोलावलं. कागदात पाणखूण होती, म्हणजे कागद बनवतानाच उमटवलेली, उजेडात दिसणारी खूण. विलायती अक्षरं, खाली १८३८. कागदच त्या सालचा, मग पोथी त्याआधीची कशी?

नकलकाराने मजकुराबरोबर मूळ पोथीची तारीखही उतरवून घेतली होती. प्रामाणिक माणूस, समोर दिसलं ते सगळं लिहिलं. स्वतःची तारीख तेवढी घातली नाही.

या कामात नवीन येणारे बहुतेकजण पहिलं पान उघडतात, 'श्रीगणेशाय नमः' वाचतात आणि मजकुरात शिरतात. माझं सांगणं उलटं आहे. आधी शेवटचं पान. तिथे पुष्पिका असते, म्हणजे समाप्तीच्या ओळी: कोणी लिहिलं, कुठे, कोणासाठी, कधी. आपल्या भाषेतला सर्वांत प्रसिद्ध दाखला घ्या. 'शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें, सच्चिदानंदबाबा आदरें, लेखकु जाहला.' इथे लेखकु म्हणजे रचणारा नव्हे, लिहून घेणारा. ज्ञानेश्वरीच्या नंतरच्या प्रतींतही हीच ओवी येते, पण म्हणून कोणी त्या प्रतीला शके १२१२ ची म्हणत नाही. अनोळखी आख्यानाच्या पोथीत मात्र आपण नेमके तिथेच फसतो. पुष्पिकेतली तारीख रचनेची, मूळ प्रतीची की या प्रतीची, हे कागद, शाई आणि अक्षर यांना विचारून ठरवायचं.

संवत्सर ताडायची रीत सोपी आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, उरलेली बाकी म्हणजे प्रभवापासूनचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती 'शके पंधराशें साहोत्तरीं, तारणनाम संवत्सरीं'. १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८, साठाने भागून बाकी १८, आणि अठरावा संवत्सर तारणच. जुळलं नाही तर वाचण्यात तरी चूक आहे, नाहीतर लिहिणाऱ्याच्या हातून झालेली आहे. माझ्या पोथीत सगळं जुळत होतं, तरीही मी चुकले. म्हणजे ही कसोटी आवश्यक आहे, पुरेशी नाही.

मोडी कागदात शकाऐवजी सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणारी एक कालगणना, भेटेल आणि तो आकड्यांत नाही, अरबी शब्दांत लिहिलेला असेल. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार: ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१. हे साल मृगाला बदलतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. शब्दांचा तक्ता पहिल्या महिन्यातच पाठ करून टाका. लोकलमध्ये कल्याण ते भायखळा एवढ्यात माझा झाला.

आता मुंबईत जायचं कुठे? एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल सगळ्यांना ठाऊक असतो. तिथे इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याची हस्तलिखित प्रत आहे, १५१६ सालची महाभारतातल्या आरण्यकपर्वाची सचित्र पोथी आहे. नवखी मुलं या दोन गोष्टी बघायच्या म्हणून पायऱ्या चढतात. मी म्हणेन, आधी ह. दा. वेलणकरांची संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची मागा. १९२५ ते १९३० या काळात निघालेली ही सूची वाचताना कळतं की एका पोथीविषयी पाच-सहा ओळीत किती सांगता येतं. मराठीसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं. राजाबाई टॉवरखालच्या विद्यापीठ ग्रंथालयातही पोथ्या आहेत. फारसी येत असेल तर कामा इन्स्टिट्यूट. जाताना ओळखपत्र, मार्गदर्शकांचं पत्र आणि काय बघायचं त्याचा सूचीतला क्रमांक न्या. 'काही जुनं असेल तर दाखवा' म्हणणाऱ्याला कोणीही बासन, म्हणजे पोथी बांधलेलं फडकं, सोडून दाखवत नाही, आणि बरोबरच आहे ते.

एका प्रकाराकडे मात्र सगळेच दुर्लक्ष करतात. रेघांच्या वहीत, टाकाने किंवा फाउंटन पेनने केलेल्या विसाव्या शतकातल्या नकला. झेरॉक्स नव्हतं तेव्हा अभ्यासक गावोगावी जाऊन मठातल्या, वाड्यातल्या पोथ्या हाताने उतरवून आणायचे. कपाटात या वह्या खालच्या फळीवर असतात, कारण त्या 'जुन्या' नाहीत. पण मूळ पोथी वाळवीने खाल्ली असेल, पुरात गेली असेल, भावाभावांच्या वाटणीत फाटली असेल, तर ही वहीच उरलेली प्रत. वर्गातल्या 'कॉपी' या शब्दाने आपलं डोकं बिघडवलंय. हस्तलिखितांच्या जगात प्रत म्हणजे दुय्यम वस्तू नव्हे. तिथे बहुतेक वेळा प्रतीशिवाय दुसरं काही नसतंच. अ. का. प्रियोळकरांनी कवी मुक्तेश्वराच्या आदिपर्वाची पाठचिकित्सा केली, म्हणजे मूळ शब्द कोणते ते ठरवलं, ती प्रतींवर प्रती ठेवूनच. त्या खंडांच्या तळटीपा रोज एक पान याप्रमाणे वाचा. कंटाळा येईल, पण पाठभेद, म्हणजे प्रतीप्रतींतला शब्दांचा फरक, काय असतो ते हाडात मुरेल.

नकलकाराच्या चुका ओळखायला शिकणं ही यातली खरी गंमत. दोन चरण 'जैसें' ने सुरू होत असतील तर नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मधली ओवी गळते. ओव्यांचे क्रमांक जिथे अडखळतात तिथे थांबा. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल तर नेहमीची. जुन्या अक्षरात ख च्या जागी ष दिसला तर दचकू नका. चुकलेल्या अक्षरावर पिवळा लेप दिसेल, तो हरताळ. 'हरताळ फासणे' इथूनच आलं. एक खासगी सूचना: हरताळात आर्सेनिक असतं. पोथी हाताळून तसाच वडापाव खाऊ नका.

अनेक पोथ्यांच्या शेवटी नकलकार हात झटकतो: 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया'. जसं दिसलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका. कुणी पाठ, कंबर, मान मोडल्याची तक्रार करतो. मी संगणकावर नोंदी करून मान धरली की मला तो श्लोक आठवतो.

हाताळण्याबद्दल थोडक्यात. जवळ फक्त पेन्सिल. हात धुतलेले आणि पूर्ण कोरडे. पान उलटायला बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर आजच सोडा. सुट्या पानांची पोथी असेल तर पानं वर-खाली होऊ देऊ नका; पत्रांक, म्हणजे पानाचा क्रमांक, बहुधा पानाच्या मागच्या बाजूला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवाच ओली, त्यामुळे त्या दिवसांत एखादं ग्रंथालय बासनं सोडायला नाही म्हणालं तर वाद घालू नका. फोटोची परवानगी आधी घ्या, लेखी.

पैशांचं सांगायला हवं. कायमच्या जागा अगदी कमी. सूचीकरण आणि डिजिटायझेशनची कामं प्रकल्पांवर चालतात. प्रकल्प संपला की तुम्ही मोकळे. माझी अकरा महिन्यांची तीन कंत्राटं झाली आणि मधले सात महिने मी शिकवण्या घेतल्या. मोडी आलं तर मात्र परिस्थिती बदलते. जमिनीचे, वतनाचे, वारसाचे कागद घेऊन लोक येतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग भरतात, तिथून सुरुवात करा. मुळाक्षरं लवकर येतात. पण मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ह्रस्व-दीर्घही पाळत नाहीत, त्यामुळे सलग वाचायला मला वर्ष लागलं. चार दिवसांत मोडी शिकवतो म्हणणाऱ्याला स्वतःला किती वाचता येतं ते आधी बघा.

त्या पोथीचं कार्ड अजून तिथल्या पेटीत आहे. १७७६ वर एक आडवी रेघ, शेजारी माझ्या अक्षरात 'मूळ प्रतीचा काल', खाली सरांच्या पेन्सिलीत '१८३८ किंवा नंतर'. नवं कार्ड करते म्हटलं तर सर म्हणाले, "राहू दे. पुढच्या माणसाला कळू दे आपण कुठे घसरलो ते."