पहिली पन्नास काडतुसे भरण्यापूर्वी

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा, आघाताने ठिणगी देणारा प्रायमर, आतली बारूद आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार उडाला की बाकीचे तीन भाग खर्ची पडतात, पुंगळी मात्र शाबूत राहते. तीच साफ करून, आकारात आणून पुन्हा भरण्याला रीलोडिंग म्हणतात. कोणी हे खर्च वाचवण्यासाठी करतो, तर कोणी आपल्या रायफलीला मानवणारे काडतूस मिळावे म्हणून. कारण काहीही असले तरी एक गोष्ट विसरता येत नाही: अनेक आधुनिक रायफल काडतुसांत दर चौरस इंचाला ५५,००० ते ६२,००० पौंड इतका दाब तयार होतो, तो नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तयार होतो, आणि तो किती असावा हे आपण आदल्या दिवशी आपल्या टेबलावर ठरवलेले असते.

सर्वांत आधी कायदा पाहावा. काही देशांत शस्त्र बाळगण्याचा परवाना पुरतो, काही ठिकाणी काडतूस भरणे म्हणजे दारूगोळा तयार करणे मानले जाते आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो, तर बारूद आणि प्रायमर घरात किती ठेवता येतात यालाही बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. याचे उत्तर लेखी स्वरूपात हाती येईपर्यंत साहित्य विकत घेऊ नये.

साहित्यात पहिली खरेदी पुस्तकाची करावी. बारूद किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेली चालू आवृत्तीतील भार-कोष्टके, म्हणजे कोणत्या काडतुसात किती वजनाची बारूद (भार) घालावी याचे तक्ते, हाच एकमेव आधार मानावा; ओळखीच्या नेमबाजाने सांगितलेला आकडा, तो कितीही अनुभवी असला तरी, आधार होत नाही, कारण त्याची बंदूक, त्याची पुंगळी आणि त्याचा प्रायमर आपला नसतो. प्रेस, म्हणजे दांडी ओढून पुंगळी दाबणारे यंत्र, घ्यायचा तर एका वेळी एकच क्रिया करणारा साधा घ्यावा. दांडीच्या प्रत्येक ओढीला अख्खे काडतूस बाहेर टाकणारी यंत्रे वेगवान असतात खरी, पण नवशिक्याचे लक्ष एका वेळी पाच ठिकाणी राहू शकत नाही. याशिवाय आपल्या काडतुसाच्या मापाच्या डाय (पुंगळीला आकार देणारे साचे) आणि शेलहोल्डर (प्रेसमध्ये पुंगळीचे बूड धरणारा तुकडा), लांबी मोजायचा कॅलिपर, पुंगळ्या उभ्या ठेवण्याचा भोकांचा ट्रे, फनेल, चुकलेले काडतूस उघडण्याची हातोडी आणि डोळ्यांवर चष्मा एवढे लागते.

काट्यावर मात्र काटकसर करू नये. बारूद ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, म्हणजे एक ग्रेन जेमतेम ६५ मिलिग्रॅमचा. पिस्तुलाच्या काडतुसात अनेकदा पाच ग्रेनच्या आसपास बारूद असते, आणि तिथे अर्ध्या ग्रेनची चूक म्हणजे दहा टक्क्यांची चूक. इलेक्ट्रॉनिक काटा वाऱ्याच्या झुळकीनेही सरकतो, म्हणून पंखा बंद ठेवावा, काटा थोडा वेळ आधी चालू करून ठेवावा आणि कामाच्या सुरुवातीला, मध्ये व शेवटी प्रमाणित वजन ठेवून तपासावा.

टेबलावर एका वेळी बारुदीचा एकच डबा असावा. नावांतला सारखेपणा फसवतो: एच ४३५० आणि आयएमआर ४३५० यांचा आकडा एक असला तरी त्या दोन वेगळ्या बारुदी आहेत आणि एकीचा भार दुसरीला लावता येत नाही. काम संपले की मापयंत्रात उरलेली बारूद त्याच डब्यात परत ओतावी. उद्या ती कोणती होती हे आठवणार नाही. लेबल नसलेली बारूद अंदाजाने कधीही वापरू नये. बारूद आणि प्रायमर नेहमी मूळ वेष्टनातच, थंड आणि कोरड्या जागी, मुलांच्या हाती न लागतील असे ठेवावेत. प्रायमर बरणीत सुटे ओतून ठेवणे फार धोक्याचे आहे, कारण एक पेटला की बाकीचे सगळे एकदमच फुटतात. चांगल्या बारुदीला स्पिरिटसारखा वास येतो. आंबूस, झोंबणारा वास किंवा तांबूस धूर दिसला तर ती खराब झाली आहे असे समजावे.

आता पुंगळी. ती हातात घेऊन उजेडात फिरवून पाहावी. तोंडाशी बारीक चीर, बुडाजवळ प्रायमरची सैल झालेली जागा, यांपैकी काहीही दिसले तर ती बाद. सर्वांत फसवी खूण बुडाच्या थोडे वर दिसते: पुंगळीला वेढणारी एक उजळ रेघ. तिथे पितळ ताणून पातळ झालेले असते आणि पुढच्या बाराला पुंगळी तिथूनच तुटू शकते. खात्री करण्यासाठी कागदाला लावायची तारेची क्लिप सरळ करून तिचे टोक किंचित वाकवावे, पुंगळीत घालून बुडापासून वर ओढावे; टोक एखाद्या खाचेत अडखळले तर ती पुंगळी पक्कडीने चेपून टाकावी, म्हणजे ती चुकून पुन्हा ढिगात जाणार नाही. आत डोकावून बुडाशी मधोमध एकच भोक आहे ना हेही पाहावे. बाजूला दोन भोके असतील तर ती बर्दान पद्धतीची आहे आणि तिच्यात नेहमीची डाय घातली तर डायमधली, जुना प्रायमर ढकलून काढणारी सुई मोडते.

पितळ चमकवण्यासाठी अमोनिया असलेले पॉलिश वापरू नये. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत असत. घोड्यांच्या पागांमधून हवेत मिसळणारा अमोनिया त्याला कारणीभूत होता, हे पुढे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. वापरलेल्या पुंगळ्यांच्या धुळीत प्रायमरमधले शिसे असते, त्यामुळे ती धूळ घरात उडवू नये, काम चालू असताना काही खाऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

आकारात आणण्याच्या डायमध्ये घालण्याआधी पुंगळीला अगदी पातळ वंगण लावावे. कमी पडले तर ती अडकून बसते, जास्त झाले तर खांद्यावर, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते तिथे, खळगा पडतो. मग लांबी मोजावी. पुस्तकातल्या कमाल लांबीपेक्षा लांब पुंगळीचे तोंड चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, टोकाशी आवळले जाते, गोळी सुटत नाही आणि दाब भयंकर चढतो. जादा लांबी कापल्यानंतर कडा आतून-बाहेरून गुळगुळीत कराव्यात, नवा प्रायमर बसवावा आणि तो बुडाच्या पातळीच्या किंचित खाली बसला आहे हे बोटाने चाचपावे.

बारूद भरण्याचा टप्पा सर्वांत जपून करायचा. ट्रेमध्ये सगळ्या पुंगळ्या आधी पालथ्या ठेवाव्यात, एकेक उलटी करून भरावी, म्हणजे भरलेली आणि रिकामी कोणती हा प्रश्नच उरत नाही. ही सवय मला एका फोनमुळे लागली. तिसाव्या पुंगळीच्या आसपास मी उठलो, बोललो, परत बसलो आणि काम पुढे चालू केले. गोळ्या बसवण्याआधी टॉर्च लावून ट्रेवर नजर फिरवली, तेव्हा एका पुंगळीत बारूद इतरांपेक्षा दुप्पट वर आलेली दिसली. ते काडतूस बंद झाले असते तर बाहेरून काहीही कळले नसते. तेव्हापासून मध्येच उठावे लागले तर शेवटची पुंगळी मी रिकामी करूनच पुन्हा भरतो. नवशिक्याने शक्यतो अशी फुगीर बारूद निवडावी जी पुंगळीचा अर्ध्याहून जास्त भाग व्यापते. मग दुप्पट भार बाहेर सांडतो आणि चूक आपोआप उघडी पडते.

भार नेहमी पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यावर ठेवावा आणि थोडाथोडा वाढवावा; पण सुरुवातीच्या आकड्याखालीही जाऊ नये, कारण काही बारुदी कमी भरल्यास नीट पेटत नाहीत. गोळी पुस्तकात दिलेल्या एकूण लांबीला बसवावी. ती अंगठ्याने दाबून आत सरकत असेल तर ते काडतूस बाद समजावे, कारण गोळी आत गेली की जागा आटते आणि दाब वाढतो.

पहिल्या वेळी पाचच काडतुसे न्यावीत आणि प्रत्येक बारानंतर थांबावे. आवाज नेहमीपेक्षा हलका वाटला, धक्का कमी बसला तर दुसरा बार मुळीच काढू नये: बंदूक रिकामी करून नळी आरपार दिसते का ते पाहावे, कारण आत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी आदळली की नळी फाटते. बार उडालाच नाही तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान तीस सेकंद थांबावे. रिकाम्या पुंगळ्या घरी आणून प्रायमर पाहावेत. चपटा झालेला, भोक पडलेला प्रायमर किंवा जड उघडणारा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) म्हणजे भार उतरवण्याची वेळ. प्रत्येक डब्यावर तारीख, बारूद, भार, प्रायमर, गोळीचे वजन आणि पुंगळी कितव्यांदा भरली ते लिहावे, आणि ज्या डब्यावर हे लिहिलेले नाही त्यातली काडतुसे उडवू नयेत, उघडून टाकावीत.