सहसंबंध गुणांक कसा काढावा आणि कसा वाचावा : इंदूरच्या एका घरातील वीजवापरावरून

ऊन वाढले की विजेचे बिल वाढते, हे इंदूरमधल्या कोणत्याही घरात वेगळे सांगावे लागत नाही. मात्र या दोन गोष्टी एकमेकींशी कितपत जुळून चालतात, हे आकड्यात सांगायचे झाले, तर सहसंबंध गुणांक काढावा लागतो. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८८ मध्ये ही कल्पना मांडली आणि कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये तिला आज वापरले जाणारे सूत्र दिले. पाठ्यपुस्तकांत हा गुणांक ‘आर’ या अक्षराने दाखवतात. तो उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यानच असतो : टोकांच्या जवळ नाते घट्ट, शून्याच्या जवळ सैल.

समजा, एका कुटुंबाने पाच दिवसांचे कमाल तापमान आणि मीटरवर दिसलेला त्या त्या दिवसाचा वीजवापर टिपून ठेवला. तापमान ३४, ३६, ३८, ४० आणि ४२ अंश सेल्सिअस. वापर अनुक्रमे ९, ८, १२, १३ आणि १८ युनिट. (आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.) प्रथम दोन्हींची सरासरी काढावी : तापमानाची ३८ आणि वापराची १२. मग प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते लिहावे. तापमानाची ही विचलने उणे ४, उणे २, ०, २ आणि ४ येतात, तर वापराची उणे ३, उणे ४, ०, १ आणि ६. एकाच दिवसाच्या दोन विचलनांचा गुणाकार करून सर्व गुणाकारांची बेरीज केली की १२, ८, ०, २ आणि २४ मिळून ४६ होतात. आता प्रत्येक ओळीतील विचलनांच्या वर्गांची बेरीज घ्यावी. ती तापमानासाठी ४० आणि वापरासाठी ६२ आहे. या दोन बेरजांच्या गुणाकाराचे, म्हणजे २४८० चे, वर्गमूळ सुमारे ४९.८ येते. ४६ ला ४९.८ ने भागले की ०.९२ हा गुणांक मिळतो. एक्सेलमध्ये ‘कोरेल’ हे सूत्र हेच काम क्षणात करते, पण निदान एकदा तरी ही आकडेमोड हाताने करावी, कारण गुणांक वाचण्याची किल्ली तिच्यातच आहे. सरासरीपेक्षा जास्त उष्ण दिवशी वापरही सरासरीपेक्षा जास्त असेल, किंवा दोन्ही सरासरीच्या खाली असतील, तर गुणाकार धन येतो. एक वर आणि दुसरा खाली असेल, तर ऋण येतो. गुणांकाचे चिन्ह या साऱ्याची गोळाबेरीज सांगते.

भागाकारामुळे एकके गळून पडतात. तापमान फॅरनहाइटमध्ये लिहिले तरी गुणांक ०.९२ च राहतो. म्हणूनच तापमान एका अंशाने वाढले तर किती युनिट वाढतील, हे गुणांक सांगू शकत नाही. त्यासाठी प्रतीपगमन रेषेचा, म्हणजे निरीक्षणांना सर्वांत जवळून जाणाऱ्या सरळ रेषेचा, उतार काढावा लागतो, जो येथे ४६ भागिले ४०, म्हणजे १.१५ युनिट आहे. तसेच ०.९२ म्हणजे ‘९२ टक्के संबंध’ असेही नव्हे. टक्क्यांतच बोलायचे असेल, तर गुणांकाचा वर्ग करावा : वापरातील चढउताराचा सुमारे ८५ टक्के भाग तापमानाशी असलेल्या सरळ रेषेच्या नात्यात सामावतो.

‘सरळ रेषेच्या’ हे शब्द येथे सर्वांत महत्त्वाचे आहेत, आणि गुणांक वाचताना बहुतेकांची गफलत येथेच होते. हेच निरीक्षण वर्षभर चालवले, तर जानेवारीत गिझरमुळे वापर वाढेल, फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरेल आणि मे महिन्यात कूलर-एसीमुळे पुन्हा चढेल. आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर वापर घेऊन प्रत्येक दिवसाचा एक ठिपका मांडला, तर ठिपके इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे वळतील आणि गुणांक शून्याच्या जवळही येऊ शकेल, जरी तापमान आणि वीजवापर यांचे नाते उघड डोळ्यांना दिसत असले तरी. त्यामुळे आकडा काढण्याआधी ठिपक्यांचा आलेख काढावा, हा नियम मी अनिवार्य मानतो. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्ब यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच रचून दाखवले. चारही संचांत गुणांक सुमारे ०.८१६ आहे, पण एकाचा आलेख साधारण सरळ, दुसऱ्याचा वक्र आणि उरलेल्या दोन संचांत एकेकटा बिंदूच साऱ्या निष्कर्षाला वळण देतो.

एक बिंदू किती उलथापालथ करतो, हे आपल्या उदाहरणातही तपासता येते. सहाव्या दिवशी घरात मंगलकार्य होते, तापमान ३६ अंश होते आणि रोषणाई, पाहुणे, मिक्सर, पंखे मिळून ३६ युनिट खर्च झाले, असे धरा. आता गुणांक ०.९२ वरून थेट ०.०४ वर येतो. असा बिंदू आवडला नाही म्हणून पुसून टाकणे अयोग्य आहे. त्याचे कारण शोधावे, तो धरून आणि वगळून असे दोन्ही गुणांक नोंदवावेत. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये सुचवलेला, मूळ आकड्यांऐवजी त्यांच्या लहान-मोठेपणाच्या क्रमांकांवर आधारलेला गुणांक अशा वेळी कमी डळमळतो : तो येथे ०.९० वरून ०.४६ वर येतो.

‘०.७ च्या वर म्हणजे घट्ट, ०.३ च्या खाली म्हणजे सैल’ अशी पाठांतराची कोष्टके मला फारशी उपयोगी वाटत नाहीत. एकच गोष्ट मोजणाऱ्या दोन उपकरणांत ०.९ हा गुणांक निराशाजनक ठरेल, तर माणसांच्या वागणुकीच्या अभ्यासात ०.३ लक्षणीय ठरू शकेल. त्याहून आधी निरीक्षणे किती आहेत, हे पाहावे. पाच टक्के सार्थकता पातळीवर (म्हणजे प्रत्यक्षात नाते नसताना केवळ योगायोगाने एवढा गुणांक येण्याची शक्यता पाच टक्के धरून), धन आणि ऋण या दोन्ही दिशांचा विचार करता, ५ जोड्यांसाठी गुणांक किमान ०.८७८ हवा, ३० जोड्यांसाठी ०.३६१ आणि १०० जोड्यांसाठी सुमारे ०.१९७ पुरतो. म्हणजे आपला ०.९२ इतका भारदस्त दिसणारा आकडा ही मर्यादा जेमतेम ओलांडतो. शिवाय या किमान मर्यादा निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरतात. लागोपाठच्या दिवसांचे तापमान तसे नसते.

कार्यकारणाचा प्रश्न उरतो. इंदूरच्या सराफा या खाऊबाजारात रात्री खपणारी शिकंजी (एक थंड पेय) आणि घरातला वीजवापर यांच्यात समजा ०.७२ गुणांक आला, तरी शिकंजीमुळे मीटर पळतो असे कोणी म्हणणार नाही. उन्हाचा वीजवापराशी ०.९ आणि शिकंजीच्या खपाशी ०.८ गुणांक असेल, तर या दोहोंचा गुणाकारच ०.७२ आहे. उन्हाचा वाटा बाजूला काढण्यासाठी ०.७२ मधून तो वजा केला की शून्य उरते; म्हणजे उष्णता स्थिर धरल्यावरचा आंशिक सहसंबंध शून्य ठरतो. जेथे तिसरा घटक इतका उघड नसतो, तेथे तो नाहीच असे समजणे धोक्याचे आहे.

अहवालात ‘गुणांक ०.९२ आला’ एवढेच लिहू नये. ‘इंदूरमधील एका घरातील उन्हाळ्याच्या ५ दिवसांत, ३४ ते ४२ अंशांच्या दरम्यान, कमाल तापमान आणि दैनिक वीजवापर यांत पिअर्सन गुणांक ०.९२ आढळला, समारंभाचा एक दिवस धरल्यास तो ०.०४ होतो’, असे लिहावे आणि शेजारी आलेख जोडावा.