गच्चीला लेप लावण्याआधी स्लॅबच्या पोटातली ओल तपासा

मे महिना लागला की पुण्यात सोसायट्यांच्या गच्च्यांवर वॉटरप्रूफिंगची घाई सुरू होते. शेवाळ खरवडणं, भेगा भरणं कोणताही गवंडी नीट करतो. उतार मात्र स्वतः बघा. बादलीभर पाणी ओता. ते पाईपच्या जाळीकडे न जाता मध्येच थांबलं, तर आधी उतार दुरुस्त करा. मीटरमागे एक सेंटिमीटर तरी हवाच.

खरी मेख आहे ती ओलीत. पहिल्या वेळी मी इथेच फसलो. अवकाळी पाऊस होऊन दोन दिवस झाले होते, गच्ची वरून पांढरीफटक दिसत होती, म्हणून लेप लावून टाकला. आठवड्याभरात त्यावर ताटाएवढे फोड आले. स्लॅबवर घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर, म्हणजे कोबा, पोटात पाणी धरून बसतो. उन्हात त्याची वाफ होते, तिला वर वाट मिळत नाही, मग ती लेपच उचलते. फोड फुटला की पावसाचं पाणी आत शिरतं आणि लेपाखाली अडकून खालच्या छताला झिरपत राहतं.

म्हणून हात फिरवून ‘कोरडी आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा टेपने हवाबंद चिकटवा आणि संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी सकाळी, सोळा तासांनी, उचला. आतून थेंब जमले किंवा खालचा भाग गडद झाला, तर थांबा. हे तीन-चार जागी करा. टाकीच्या आसपास आणि कठड्याच्या कडेला तर नक्कीच. ‘प्रायमर मारला की ओल दबते’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. आठ-दहा दिवस कडक ऊन खाऊनही थेंब येत असतील, तर कोबा एका जागी फोडून बघा. आतले तुकडे ओले निघाले, तर तो काढावाच लागेल. त्यावर आणखी लेप चढवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. लेपही वाफ बाहेर जाऊ देणारा, सिमेंट-पॉलिमरचा घ्या.

दोन हात द्या, एक उभा, एक आडवा. कठड्यावर फूटभर चढवा. लेप पुरता वाळला की ४८ तास पाणी तुंबवून बघा.

एवढं करूनही जानेवारीत, पाऊस नसताना, छतावर डाग आला तर पाण्याची टाकी आणि पाईप तपासा. तिथे काही नसेल, तर फॉल्स सीलिंगच्या वर डोकावा. बाथरूमच्या एक्झॉस्टचा पाईप बऱ्याच घरांत तिथेच सोडलेला असतो. दमट हवा थंडीच्या रात्री गार स्लॅबला लागते आणि पाणी होऊन टपकते. तो पाईप भिंतीतून बाहेर काढा, दिव्यांच्या भोकांभोवतीच्या फटी सीलंटने बुजवा.